वारशाची चांदी

ब्रितानं नाणं दाताखाली धरून पाहिलं, उलटंपालटं केलं आणि म्हाताऱ्या गुन्नेलच्या मांडीवर परत टाकलं.

"चांदी खरी आहे, पण उपयोग काडीचा नाही. खरवडून पोरीला पाण्यातून पाजायची ती चांदी वारशानं आलेली लागते. मेलेल्या माणसाकडून. हे तुला तुझ्या नवऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भेट म्हणून दिलेलं, म्हणजे तुझं स्वतःचं. आणि तू तर बसलीयेस इथं धडधाकट, लापशी ओरपत!"

वैदूबाई ती, तोंडाला लगाम नव्हताच. डोक्यावरून घोंगडी घेऊन बर्फाच्या वादळात निघूनही गेली.

नाणं चांगलं जाड, रुंद होतं. एका बाजूला हाती पृथ्वीचा गोल घेतलेला ख्रिस्त. अख्ख्या परगण्यात दुसऱ्या कुणाकडं असं नाणं नव्हतं. आणि शेगडीजवळच्या बाकावर घरातली एकुलती एक पोर, सिस्ला, तापानं फणफणली होती. तिची आई एलिन कपाळावरची ओली पट्टी बदलत राहिली. सासूकडं तिनं पाहिलं नाही. पाहायची भीतीच वाटत होती तिला.

"अशी गप्प नको बसू," गुन्नेल म्हणाली. "तुझ्या मनात आलंय ते माझ्याही आलंय."

"मी काही म्हणाले का, सासूबाई?"

"तेच तर. एरवी टकळी थांबत नाही तुझी."

म्हातारीनं लापशीचा वाडगा बाजूला सारला. नाणं टेबलावर ठेवलं, सुरीशेजारी. अंगावरची शाल काढून नातीवर घातली.

"गोठ्यात जाऊन येते जरा."

गाय पानगळीतच मेली होती. गोठ्यात जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. 'थांबा' हा शब्द अगदी एलिनच्या ओठांवर आला, आणि तिनं तो गिळला.

"जपून जा," ती म्हणाली.

म्हातारी गेल्यावर तिनं दाराला अडसर घातला. वाऱ्यानं उघडतं म्हणून, असं तिनं स्वतःला समजावलं.

बराच वेळ बाहेर नुसतं वारं घोंघावत होतं. मग दारावर थाप पडली. हलकीच.

"एलिन... उघड गं. नाही जमत मला. फार थंडी आहे."

सिस्लानं डोळे उघडले. "आई, आजी हाक मारतेय."

"वारं आहे ते," एलिन म्हणाली, आणि पोरीचे दोन्ही कान तळहातांनी घट्ट दाबून धरले.