घंटाघरावरचं पातेलं

गावभरचे फोन बंद पडले म्हणून फोन कंपनीचा लेफ्तेरिस दुरुस्तीला चर्चच्या घंटाघरावर चढला. बघतो तर तिथे बसवलेल्या मोबाईल टॉवरला उपग्रहांकडून वेळ पुरवणाऱ्या अँटेनावर कुणीतरी सूपचं पातेलं उपडं घातलेलं.

"फादर, हे तुमचं काम?"

"माझंच!" खालून फादर अन्थिमोस गरजले. "तो डबा नव्या कॅलेंडरची वेळ घेतो. आमचं चर्च जुन्या कॅलेंडरचं, जगाच्या तेरा दिवस मागे. माझ्या छपरावर हा बाटगेपणा चालणार नाही."

लेफ्तेरिसने कपाळावर हात मारला. "अहो, जगाने घड्याळात अधूनमधून एकेक सेकंद वाढवला, तो या उपग्रहांनी कधी मानलाच नाही. जुनीच मोजणी धरून बसलेत हट्टाने. आज जगाशी अठरा सेकंदांचा फरक आहे त्यांचा!"

मग फादर धापा टाकत जिना चढून आले, पातेलं उचललं, झग्याच्या बाहीने अँटेना पुसला आणि लेफ्तेरिसवरच डाफरले,

"गाढवा, हा आपल्यातलाच आहे हे आधी नाही का सांगायचं? बिचाऱ्याला चार दिवस अंधारात ठेवलं ना मी!"