टीप नसलेली ओळ

फायरवॉलच्या कॉन्फिग फाइलमधली एकशे चौदावी ओळ प्रफुल्लने खोडली ती निव्वळ टापटिपीपायी.

अलिबागच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायला रुजू होऊन त्याला महिनाच झाला होता. बाहेरून हॉस्पिटलच्या नेटवर्कमध्ये कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे सगळं त्या फाइलमध्ये लिहिलेलं. आधीच्या माणसाने वर्षानुवर्षं नुसत्या ओळी वाढवत नेल्या होत्या. कोणती कोणासाठी, एका शब्दाची टीप नाही. असला गबाळेपणा पाहिला की प्रफुल्लचं डोकं उठायचं.

गडी तसा सावध. बदल लागू करण्याआधी त्याने आपली स्क्रिप्ट चालू केली. दहा मिनिटांत त्याने होकार दिला नाही, तर जुनी फाइल आपोआप परत लागणार. मग त्याने फोन फिरवले. बिलिंग चालू, एक्स-रे चालू, मेडिकल चालू. चौथ्याच मिनिटाला होकार देऊन तो चहाला गेला. मुरुडच्या पुढे डोंगराकडेला ट्रस्टचा एक दवाखाना आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

पाऊण तासाने त्याचा मोबाइल वाजला. पलीकडच्या बाई धापा टाकत होत्या.

"सर, मी हेमांगी, मुरुडकडच्या दवाखान्यातली सिस्टर. रेंज न्हाय म्हणून टेकाडावर येऊन बोलतेय. पेशंटचा ईसीजी तुमच्याकडं जातच न्हाय. तिकडच्या डॉक्टरांनी बघितल्याबिगर मला इंजेक्शन देता येत न्हाय. दवाखान्यातला फोनपण त्याच लाइनवर, तोपण बंद हाय."

प्रफुल्लने आल्यागेल्याच्या नोंदींचा लॉग उघडला. एकाच पत्त्यावरून सतरा वेळा कोणीतरी दार ठोठावलं होतं, आणि सतराही वेळा आतून नकार गेला होता. जुनी फाइल परत लावायला त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही.

"जा तुम्ही, पाठवा आता," तो म्हणाला.

दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. लाइन चालू झाली होती.

"ऱ्हाऊ द्या सर," हेमांगी म्हणाली. "मी टेकाडावर होते तेवढ्यात पेशंट गेल्या, आवडाबाई. मुलगा एकटाच होता जवळ, घाबरून गेलाय बिचारा."

"माफ करा," प्रफुल्ल म्हणाला.

"तुमची काय चूक त्यात? सकाळपासून वारा सुटलाय, केबल तुटली असंल कुठंतरी. आमच्याकडं नेहमीचंच हाय ते."

खरं सांगायची हीच वेळ होती. त्यालाही ते कळत होतं.

"हो," तो म्हणाला. "केबलच."

"लगेच जोडून दिलीत, उपकार झाले," म्हणत तिने फोन ठेवला.

स्वतःची किळस आली त्याला. मग त्याने फाइल उघडली आणि एकशे चौदाव्या ओळीच्या वर एका नव्या ओळीत # ही हॅशची खूण केली. ही खूण दिसली की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातं. ती असते फक्त माणसांसाठी. खुणेपुढे त्याने लिहिलं, 'मुरुडकडचा दवाखाना. काढू नये.' थोडं थांबून त्याखाली आणखी एक खूण केली आणि लिहिलं, 'आवडाबाई. केबल तुटली नव्हती.'

त्याने फाइल सेव्ह केली. त्या हॉस्पिटलात ती उघडणारा त्याच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता.