सत्तेचाळिसावी फुंकर

निरोगी माणसाच्या छातीत किती वारा मावतो, याचा तक्ता बनवायचं काम होतं. माणसं कमी पडली, तेव्हा फुंकर मोजणाऱ्या बाईंनी आपला नवराच आणून बसवला. तो सत्तेचाळिसावा. आकडा जेमतेम आला, तरी त्याच्यापुढे ‘ठणठणीत’ लिहिलं गेलं. चार महिन्यांत फुप्फुसांनीच त्याला नेलं.

“यांचा तेवढा आकडा तक्त्यातून काढून टाका, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “त्यांच्यामुळे निरोगीपणाची खालची हद्द घसरलीय. उद्या धाप लागलेल्यालाही तुम्ही धडधाकट म्हणून घरी धाडाल.”

“मोजलं त्या दिवशी ते बरे होते ना? माणूस जातो, बाई. आकडा राहतो.”

“वा! म्हणजे आमचे हे तुमच्या कागदावर तेवढे जगले.”

डॉक्टर हसले आणि तक्त्यावर सही करायला बसले.

बाईंनी रोजच्यासारखं फुंकर मोजायचं मशीन तपासायला घेतलं. तीन लिटर हवेचा पंप नळीला लावला आणि दांडा शेवटपर्यंत दाबला. पडद्यावरची रेघ तिनावर थांबली. मग अडखळत, दम खात, पुन्हा चढू लागली.

बाईंनी पंप काढून घेतला. रेघ चढतच होती. त्यांनी नळीच्या तोंडाशी हात धरला, तर तळव्याला उबदार, ओलसर वारा लागला.

“बंद करा ते!” डॉक्टर ओरडले.

रेघ पाचावर गेली, सहावर गेली.

“अजून... अजून थोडं, अहो, सोडू नका,” बाई नळीशी वाकून म्हणाल्या. मग मान न वळवताच बोलल्या, “सही थांबवा, डॉक्टर. यांची फुंकर अजून संपली नाहीये.”