पांढरं चाक

चौकात थांबण्याचा पट्टा रंगवावा आणि नियम मोडल्यास साहेबांच्या गाडीलाही दंडाची पावती मिळावी, यासाठी सासूबाईंनी तीन वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले. आज अखेर पट्टा उमटला, तर रंग वाळेपर्यंतही त्यांना दम निघेना. मला स्कूटरवर मागे बसवून बघायला निघाल्या. सिग्नलला पट्टा न्याहाळण्याच्या नादात थांबायला उशीर झाला आणि पुढचं चाक पांढरंशुभ्र झालं. हवालदार शिट्टी फुंकत आला आणि ओशाळला. “बाई, तुम्ही होय! जाऊ द्या.” “जाऊ द्या म्हणायला मी तुझी मावशी आहे? फाड पावती!” सासूबाई कडाडल्या. त्याने मुकाट फाडली. शेजारी पट्ट्यावर चढू पाहणारी साहेबांची गाडी हे बघून हळूच हातभर मागे सरकली. सासूबाई पावतीची घडी घालत माझ्याकडे वळल्या. “मुद्दाम नव्हतं हं नेलं चाक. पण गेलं ते बरंच झालं!”