आवाज बदललेला आहे

“थांबा, मागं नेते. आई, तू नीट ऐक,” मुलगी म्हणाली आणि तिनं मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा केला.

पॉडकास्टचं नाव ‘एका घोटामागं’. आपण जे खातो-पितो ते बनवताना पाण्याचं आणि मातीचं काय होतं, यावर एक बाई दर आठवड्याला कुणाशी तरी बोलायची. सकाळीच आलेल्या या भागातला पाहुणा फळांच्या रसाच्या कारखान्यातला होता. कारखान्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि पाहुण्याचा आवाज बदललेला आहे असं बाईनं आधीच सांगून टाकलं होतं. विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा तो येत होता.

“खोक्यावर छापलंय, थेंबही वाया जात नाही म्हणून. गोम अशी आहे बघा, टाक्या धुतलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र पाहुणे आले की चालू होतं. एरवी सगळं सरळ ओढ्यात.”

मुलीनं मोबाइल थांबवला.

“गोम अशी आहे बघा! या घरात गीझर बिघडला तरी गोम असते आणि माझे मार्क कमी आले तरी गोमच असायची. बाबा, हे तुम्ही आहात.”

“आवाज जाड वाटतो जरा,” आई म्हणाली.

“अगं, बदललाय ना तो.”

साखररावांचा घास हातातच राहिला. कारखान्यात सगळे त्यांना याच नावानं हाक मारत, कारण रसाची गोडी तपासायचं काम त्यांच्याकडे. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आंबटपणा तपासणारे लिंबूराव बसत. दोघं इतकी वर्षं शेजारी बसले होते की एकानं शिंकावं आणि दुसऱ्यानं नाक पुसावं.

“काहीतरीच तुझं,” साखरराव म्हणाले.

“बोलायचं नसेल तर बोलू नका. पण नाही म्हणू नका.”

त्यांनी नाही म्हटलं नाही.

ओढ्याचं कळल्यापासून मुलगी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. एकदा तर चार नातेवाइकांसमोर तिनं विचारलं होतं, “बाबा, ते पाणी तुम्ही प्याल का हो?” त्या दिवशी साखररावांना बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज तीच पोरगी त्यांच्या ताटात आग्रहानं वाढत होती.

बायको डोळे पुसत म्हणाली, “मला वाटायचं तुम्हाला कणाच नाही. तोंडावर कधी बोलले नाही इतकंच. चुकलं माझं.”

“तू कशाला माफी मागतेस?” साखरराव ताडकन म्हणाले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं होतं. कौतुक चाललेलं आणि त्यांना मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“कारखान्यात चौकशी झाली असेल ना?” मुलीनं हळूच विचारलं.

“दुपारी झाली. एकेकाला केबिनमध्ये बोलावलं.”

“तुम्हालाही? काय विचारलं साहेबांनी?”

“चहा घेणार का, विचारलं.”

“आणि?”

“घेतला.”

मुलगी हसत सुटली. “ऐकलंस आई? वाघाच्या गुहेत बसून चहा पिऊन आले.”

त्या हसण्यासाठी साखरराव काहीही द्यायला तयार होते. हेच तर वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्यांना फाटक दिसत होतं. तिथं लिंबूराव डबा हातात धरून उभे होते आणि रखवालदार त्यांना आत सोडत नव्हता. लिंबूरावांची नजर खिडकीकडे गेली. त्यांनी हात वर केला. साखररावांनी घाईघाईनं गोडी मापायच्या नळीला डोळा लावला आणि तसेच बसून राहिले. नळीच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा राहूनच गेला होता. पुन्हा मान वर केली तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.

संध्याकाळी मुलगी दारातच उभी होती.

“लिंबूकाकांना काढलं. काकू भेटल्या होत्या औषधाच्या दुकानात. म्हणाल्या, ते भिंतीकडे तोंड करून पडलेत, कुणाशी अक्षर बोलत नाहीत. तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“त्यांनाही तुमच्या त्या गोमेची लागण झालेली, म्हणून संशय गेला असणार. बाबा, तुमच्याऐवजी ते गेले.”

साखरराव बूट न काढताच खुर्चीत बसले. त्यांना मुलीच्या तोंडाकडे बघवेना.

“उद्या जाऊन सांगा, आवाज माझा होता म्हणून.”

“जरा थंड होऊ दे. मग बघू.”

“मग कधी? नोकरी गेली तर जाऊ दे. मी आहे, आई आहे. काल कितीतरी दिवसांनी मला तुमची मुलगी असल्याचं बरं वाटलं. परत मान खाली घालायला लावू नका.”

“गोम अशी आहे बघ...” साखरराव म्हणाले. पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. त्यांचे कान लाल झाले होते. लाजेनं झालेत हे मुलीनं बरोबर ओळखलं, आणि तिला त्यांची दया आली.

“राहू दे. तुम्हाला नाही जमायचं. मी बोलते.”

तिनं टेबलावरचा त्यांचा फोन उचलला आणि साहेबांना लावला. आईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. साखरराव धडपडत उठले. “ठेव तो. ठेव म्हणतो ना,” म्हणेपर्यंत ती खिडकीपाशी गेली होती.

“साहेब, मी साखररावांची मुलगी. तुम्ही चुकीचा माणूस काढलात. लिंबूकाकांचा यात काही संबंध नाही. तो आवाज माझ्या बाबांचा होता.”

पलीकडे साहेब मनापासून हसले.

“अगं, चुकीचा कसा असेल? आम्हाला कुठं ओळखू येत होता तो आवाज? तो ओळखून लिंबूरावांचं नाव तुझ्या बाबांनीच तर सांगितलं.”