भांडं पुसलंस का?

"आई, भांडं व्हिनेगरने पुसलंस का?" मुलीने फोनवर विचारलं. एरवी तिचा फोन चालता चालताच आटपायचा. आईचं आयसिंग बिघडलं की मात्र ती निवांत बसून बोलायची.

"पुसलं गं. तरी अंड्याचं पांढरं फुगत नाही. नुसतं पाणी झालंय."

"म्हणजे कुठेतरी तेल राहिलंय. प्लास्टिकचं भांडं नाही ना घेतलंस?"

"स्टीलचंच आहे."

"मग बीटरची पाती बघ. इतके केक करतेस आणि अजून साधं भांडं धुता येत नाही तुला."

"नाही येत. तू सांग."

मुलगी हसली. तिने फोन चालू ठेवून आईकडून एकेक वस्तू गरम पाण्याने धुऊन घेतली. पाणी तापेपर्यंत गप्पांत तिचं ऑफिस झालं, आईचे गुडघे झाले, जावयाचं घोरणंही झालं.

"आता फुगेल बघ. पुढच्या वेळी आधीच नीट पूस."

"हो गं बाई."

 

फोन ठेवून आईने ओट्यावरची तेलाची वाटी जागेवर ठेवली, आणि सकाळीच आयसिंग करून वाळवलेला केक खोक्यात भरला.