बांधाच्या पायथ्याशी सत्कार

“सतरंजी अजून ओढ. अजून थोडी. तो ओला डाग दिसतोय,” प्रभाकर म्हणाला.

वाल्मीकने सतरंजी ओढली. डाग झाकला गेला. पाचच मिनिटांत तो सतरंजीवर उमटला, आधीपेक्षा मोठा.

प्रभाकर हा वळ नावाच्या गावाबाहेरच्या खडी-क्रशरचा मॅनेजर. क्रशरवर खडी धुतली जाई, आणि त्या धुण्याचा राखाडी गाळ पाण्यासकट टेकडीच्या खोलगटात साठवला जाई. तो अडवायला चार पुरुष उंचीचा मातीचा बांध होता. बांधाखाली तीसेक घरांचा पाडा. वाल्मीक हा बांधाचा राखणदार. आज ठाण्याहून सरकारी साहेब बांध तपासायला येणार होते, आणि प्रभाकरला खरोखर येत असलेली एकच गोष्ट म्हणजे पाहुणचार.

“भाऊ, वल झाकून काय व्हनार?” वाल्मीक म्हणाला. “दोन वरसं हितं पानी पाझरतंय. निवळ व्हतं तवर म्या बी घोर केला न्हाय. परवापासनं गढूळ येतंय. म्हंजे बांधाची माती आतून चाललीय.”

“माती कुठे जात नाही. समोर उभा दिसतोय ना बांध?”

“भायेरून दिसतोय.”

प्रभाकरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मंडप त्याने मुद्दाम त्या डागावरच घातला होता. माणूस ज्याच्यावर बसलेला असतो त्याची तो तपासणी करत नाही, असा त्याचा अनुभव होता.

अकराला जीप आली. केसरीनाथ म्हात्रे साहेब उतरले. शंभर किलोचा, सावकाश बोलणारा माणूस. प्रभाकरने त्यांना मंडपात, ऑफिसातून आणलेल्या लोखंडी खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, नारळ दिला आणि फळीवर ठेवलेल्या स्टुलावर कोकम सरबताचा पेला मांडून भाषण सुरू केलं.

“साहेबांच्या पायधुळीने आज...” इथे पेला साहेबांच्या पोटाशी होता.

“आमचा कामगार म्हणजे आमचं कुटुंब...” इथे तो छातीशी आला.

प्रभाकरच्या लक्षात आलं. पण थांबलो तर साहेबांच्याही लक्षात येईल, म्हणून तो आणखी मोठ्याने बोलू लागला. “आणि हा आमचा बांध! बांध कसला, कातळच!”

“मॅनेजर,” साहेब शांतपणे म्हणाले, “मी बसलो तेव्हा एवढाच बुटका होतो का?”

क्रशरच्या दोघा ट्रक-ड्रायव्हरांनी बगलेत हात घालून त्यांना उपसलं. साहेब वर आले, डावा बूट खालीच राहिला. त्यांनी पायमोज्यावरचा राखाडी चिखल दोन बोटांत चोळला, आणि चेहऱ्यावरचं हसू कुठच्या कुठे गेलं.

“बांध कोण बघतं?”

वाल्मीक पुढे झाला. त्याने सगळं सांगितलं.

“मॅनेजरला बोलला होतास?”

“आत्ता सतरंजी घालतानाबी बोललो, सायेब.”

प्रभाकरला वाटलं, खुर्चीच्या मागोमाग आपणही खाली जावं. “साहेब, आत्ताच्या आत्ता सिमेंट टाकून भोक बुजवतो!”

“अजिबात नाही!” साहेब पहिल्यांदाच ओरडले. “कोंडलंत तर पाणी दुसरीकडून बांध फोडेल. आधी वाळू टाका, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी. पाणी जाऊ द्या, माती अडवा. क्रशर बंद करा. वरचं पाणी पंप लावून जुन्या खाणीत सोडा.”

क्रशर थांबला. एवढी शांतता प्रभाकरने तिथे कधी ऐकली नव्हती. साहेब एका बुटानिशी, शाल पांघरून, बांधावर चढून पंपाकडे बघत उभे राहिले. खाली क्रशरवरच्या बायाबापड्यांनी, ड्रायव्हरांनी घमेली उचलली. प्रभाकरनेही उचललं. नऊ वर्षं तो ही खडी विकत होता. ती एवढी जड असते हे त्याला त्या दिवशी समजलं. कडक इस्त्रीचा सफारी गुडघ्यापर्यंत राखाडी झाला. तिसऱ्या घमेल्यानंतर त्याला भाषणातलं पुढचं वाक्य आठवेना, आणि दहाव्यानंतर भाषणाचीही आठवण होईना. दर खेपेला तो वाकून खडीतून येणारं पाणी तेवढं बघत होता.

ते आधी राखेसारखं होतं. मग चहासारखं झालं. चार वाजता वाल्मीकने ओंजळ भरून त्याच्यापुढे धरली. ओंजळीतल्या पाण्यातून तळहातावरच्या रेषा दिसत होत्या.

“निवळलं,” वाल्मीक म्हणाला.

वरचं पाणीही हातभर उतरलं होतं. प्रभाकर मटकन खाली बसला.

“बसू नका,” साहेब म्हणाले. “माती धरलीय, पण वरचं गाळाचं तळं अर्धं होईपर्यंत खाली कुणी झोपायचं नाही. सगळ्यांना शाळेत न्या. आणि पाड्यावर निरोप पाठवू नका, स्वतः जा.”

प्रभाकर धावत पाड्याकडे उतरला. वाटेत तो मनाशी शब्द जुळवत होता. लोक घाबरतील, बाया रडतील, कुणी अंगावरही येईल. धीराने, हळूहळू सांगायला हवं.

पाड्यात शिरला आणि थबकला. प्रत्येक ओट्यावर गाठोडी बांधून ठेवलेली. कोंबड्या डालग्यात. म्हाताऱ्या ट्रंकांवर बसून पान कुटत होत्या. पहिल्याच घरातून वाल्मीकची बायको बकुळा बाहेर आली.

“बकुळाबाई,” प्रभाकर धापा टाकत म्हणाला, “घाबरू नका... पण बांध... तो बांध...”

बकुळाने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

“आमाला ठावं हाय,” ती म्हणाली. “तुमाला कवा कळलं?”